छापखान्यातले ठोकळे : ‘लेगो सीरियस प्ले’ कार्यशाळेचा अनुभव

फोंड्यातील आमच्या छापखान्यात अकरा माणसे काम करतात. मांडणी करणारे वातानुकूलित खोलीत बसतात, यंत्र चालवणारे खाली आणि बाइंडिंगवाले मागच्या पडवीत. कामाचा कागद या तिन्ही ठिकाणांहून रोज फिरतो, पण माणसे एकमेकांशी बोलतात ती बहुधा काहीतरी बिघडल्यावरच. ही अडचण दूर व्हावी म्हणून आम्ही जुलैमध्ये, चतुर्थीच्या आरतीसंग्रहांची घाई सुरू होण्याआधी, पणजीच्या एका प्रशिक्षण गटाकडून एक दिवसाची ‘लेगो सीरियस प्ले’ कार्यशाळा घेतली. कार्यालयात खेळकरपणा आणण्याचा विचार करणाऱ्या गोव्यातील लहान व्यावसायिकांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिकचे ठोकळे हेच या पद्धतीचे साहित्य. ते बनवणाऱ्या डेन्मार्कच्या ‘लेगो’ कंपनीचे नावच मुळी ‘नीट खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून आले आहे. कंपनीला स्वतःच्या धोरणाविषयीच्या बैठका निष्फळ वाटू लागल्या, तेव्हा स्वित्झर्लंडमधील व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या मदतीने 1990 च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला गेला. 2002 मध्ये ती बाजारात आली आणि 2010 पासून तिची मूळ मांडणी सर्वांना वापरण्यासाठी खुली आहे. प्रशिक्षक आधी एक प्रश्न विचारतो, प्रत्येक जण त्याचे उत्तर ठोकळ्यांनी बांधतो, मग आपण काय बांधले ते सांगतो, आणि इतरांनी प्रश्न विचारायचे ते बांधलेल्या वस्तूविषयी, बांधणाऱ्या माणसाविषयी नव्हे. कोणालाही गप्प बसून चालत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे मोल त्या एका नियमात आहे.

सुरुवात प्रत्येकी सहा ठोकळ्यांतून बदक बांधण्याने झाली. अकरा जणांची अकरा बदके निघाली आणि एकही दुसऱ्यासारखे नव्हते. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, हे प्रशिक्षिकेने सांगितल्यावर ‘बरोबर बदक कोणाचे?’ हा प्रश्न आपोआपच मागे पडला.

‘आपल्या कामात काय अडते?’ हा त्यानंतरचा प्रश्न. आमचे बाइंडिंगचे काका तीस वर्षे हे काम करत आहेत आणि बैठकीत ते बोललेले मला आठवत नाही. त्यांनी दोन भिंती काटकोनात उभ्या केल्या आणि त्यांच्या कोपऱ्यात, अगदी आत, एक लाल ठोकळा दाबून बसवला. मग ते कोंकणीत शांतपणे सांगू लागले : जाड पुस्तक शिवले की आतल्या समासाजवळचे शब्द शिवणीत ओढले जातात, पुस्तक दाबून उघडणाऱ्यालाच ते दिसतात, आणि दाबून उघडले की पुस्तक पाठीतून फुटते. मांडणी करणाऱ्या मुलीने तो कोपरा हातात घेतला, वळवून पाहिला आणि विचारले, ‘काका, किती पानांच्या पुढे असे होते?’ बारा फर्म्यांच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा म्हणजे फर्मा) पुढे, असे उत्तर आले. पडद्यावर काम करताना तिला पान सपाटच दिसत होते, आणि काकांच्या हाती ते येई तेव्हा छपाई होऊन गेलेली असे. हे दोघे गेली चार वर्षे एकाच छपराखाली आहेत.

माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, तेव्हा अंगाला तेल लावून चिखलात उतरलेल्यांपैकी कोण साहेब आणि कोण मजूर हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही, कारण खेळ सर्वांना एकाच नियमात बांधतो. त्या दुपारी आमच्या टेबलाभोवती हेच घडले, आणि मालक म्हणून मलाही माझी पाळी येईपर्यंत थांबावे लागले.

उणिवाही सांगायला हव्यात. सकाळचा पहिला तास इंग्रजी स्लाइडमध्ये गेला आणि यंत्रावरची माणसे अवघडून बसली. आम्ही विनंती केल्यावर प्रशिक्षिका मराठी-कोंकणीत बोलू लागल्या आणि चित्र पालटले, तरी हे आधीच ठरायला हवे होते. शेवटी त्यांनी कार्यालयासाठी बीनबॅग, टेबल टेनिस आणि रंगीत भिंती सुचवल्या. तो सल्ला मला पटला नाही. यंत्र चालू असताना खेळायला जाण्याची मोकळीक कोणालाच नसेल, तर टेबल टेनिसचे टेबल काही दिवसांत कागदाची रिमे ठेवण्याच्या कामी येते. अकरा जणांचे 38,000 रुपये शुल्क लहान धंद्याला जड आहे; मात्र त्यात ठोकळे आणि जेवण धरलेले होते.

आता बारा फर्म्यांहून मोठे पुस्तक आले की मांडणीपूर्वी काका त्याच कागदाची कोरी डमी शिवतात, आणि समास तिच्यावर मोजून ठरतो. सोमवारी सकाळी अर्धा तास यंत्र बंद ठेवून आठवड्यातले अवघड काम आम्ही ठोकळ्यांनी मांडतो. हा अर्धा तास पगारातलाच असतो. दिवाळीनंतर, जत्रांतल्या नाटकांची हस्तपत्रके येऊ लागण्याआधी, त्याच प्रशिक्षिकेला अर्ध्या दिवसासाठी पुन्हा बोलावले आहे, आणि या वेळी आमच्याकडे नेहमी पुस्तके छापून घेणारे दोन ग्राहकही टेबलाशी बसणार आहेत.