रीलोडिंग प्रेस चांगलं, पण क्रिंपने आधी रडवलं

12 बोअरची काडतुसं घरी भरायला हे सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काडतूस भरणारं मशीन) घेतलं त्याला सहा महिने झाले, मशीन दणकट आहे, हँडल हलकं चालतं, पण सुरुवातीला क्रिंपने, म्हणजे काडतुसाचं तोंड घड्या घालून बंद करण्याने, फार रडवलं. तोंडाच्या मधोमध बारीक भोक राहायचं आणि काडतूस जरा हलवलं की छर्रे बाहेर. मग नीट बघितलं तर सोबत आलेला क्रिंप स्टार्टर (तोंडाला आधी घड्या पाडणारा भाग) 6 घड्यांचा आणि माझ्या वापरलेल्या केसेस (काडतुसाच्या रिकाम्या नळ्या) 8 घड्यांच्या! जुन्या घडीवर नवी घडी बसणार कशी? 8 चा स्टार्टर लावला आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला वॅडचा (पावडर आणि छर्रे यांच्या मधे बसतो तो तुकडा) होता, वॅड उंच असला की तोंड फुगतं किंवा उघडं राहतं, आखूड असला की मधे खड्डा पडतो, पण वॅड बदलायचा तर छापील लोड डेटात (कुठल्या केसला कुठला वॅड, किती पावडर याचा तक्ता) त्या केससाठी दिलेलाच, मनाने पावडर कमीजास्त करायची नाही म्हणजे नाही, प्रेशरचा खेळ आहे तो. आता क्रिंप साधारण दीड मिलिमीटर खोल, सपाट बसतो, बोट फिरवलं तरी कळतं.

प्रेस घ्याच, फक्त आधी आपल्या केसच्या घड्या मोजा. माहितीपत्रकात याची एक ओळ तरी हवी होती राव.