गड्ड्यातला भूत बंगला: खरी मजा दाराच्या अलीकडं

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली जत्रा म्हणजे आपला गड्डा; यंदाच्या गड्ड्यात होम मैदानावर मोठ्या पाळण्याच्या मागच्या ओळीत जो भूत बंगला लागलाय, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय आणि त्यातले जवळजवळ तीन आत पाऊल टाकायच्या आधी जे काय होतं त्याचे आहेत. आत काय असतं ते लहानपणापासून गड्डा बघणाऱ्या सोलापूरकरांना पाठच आहे, ते खाली थोडक्यात लिहिते. पण बाहेरची रांग, माईकवाला, दारातला पोरगा यांच्यावर कोणी काही लिहीत नाही, आणि माझं मत विचाराल तर अशा खेळात माणूस रांगेतच निम्मा घाबरून झालेला असतो, आतले लोक फक्त उरलेलं काम करतात.

मी हौशी नाटकांचं नेपथ्य करते. राज्य नाट्य स्पर्धा आली की हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात खिळे-हातोडी घेऊन आम्ही पडलेलो असतो, त्यामुळं कुठंही गेलं की फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) कसा उभा केलाय, लाईट कुठनं मारलाय हेच आधी दिसतं. शिवाय परदेशातल्या थीम पार्कांचे व्हिडिओ बघायचा नाद आहे, त्यातही राइड कमी आणि राइडच्या आधीची रांग जास्त, कारण तिथं रांगेलाही नेपथ्य असतं, गोष्ट असते, आणि राइडच्या दाराशी एक छोटा प्रीशो असतो ज्यात तुम्ही कुठं आलाय आणि आता तुमचं काय होणार हे कळतं. तर या नजरेनं मी आपला गड्डा बघितला.

दर्शनी भागाला पूर्ण मार्क. पत्र्यावर राक्षसाचा जबडा रंगवलाय आणि त्या जबड्यातनंच आत जायचंय, दातांच्या कडांना लाल रंग ओघळ येतील असा मुद्दाम पातळ करून मारलाय. वर डाव्या कोपऱ्यात खाटेवर एक सांगाडा, तो दर थोड्या वेळानं उठून बसतो. नीट बघितलं तर उठताना आधी नुसतं धड येतं आणि जबडा अर्ध्या सेकंदानं उघडतो. हे कसं केलंय ते शोधायला मी बराच वेळ तिथंच उभी होते. वायपरची मोटर धडाला लावलीय आणि जबड्याची दोरी मागच्या प्लायला बांधलीय, त्यामुळं धड पूर्ण पुढं आलं की मगच दोरी ताणली जाते आणि तोंड उघडतं. तेवढ्या उशिरामुळं तो सांगाडा आधी आपल्याकडं बघतो आणि मग ओरडतो असं वाटतं. एका दोरीच्या लांबीवर एवढा परिणाम, ज्यानं कोणी बांधली असेल त्याला मनापासून दाद.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे बाहेर पडायचं दार. ते मागच्या बाजूला न ठेवता रांगेच्या अगदी समोर काढलंय, काळा रबरी पडदा आहे, तो फाडकन उघडतो आणि आतनं पोरीबाळी किंचाळत, हसत, एकमेकींच्या ओढण्या धरून बाहेर पडतात, आणि माईकवाला लगेच त्यातल्या एखादीला विचारतो, काय दिसलं आत? तिला दम लागलेला असतो, ती नुसता हात हलवते आणि पळते. रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे त्या वेळी बघायचे! माझा भाचा तोपर्यंत "आत्या, हे सगळं खोटं असतं" म्हणून मला शिकवत होता, तो गप झाला आणि माझ्या स्वेटरची बाही धरली. मागं उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांत एक दुसऱ्याला म्हणाला, "भिऊलालास का बे?" आणि विचारणाऱ्याचाच आवाज बारीक झालेला. मोठ्या पार्कांत हेच करतात, रोलर कोस्टरची रांग मुद्दाम रुळांच्या खालनं नेतात म्हणजे वरच्यांच्या किंकाळ्या खालच्यांना ऐकू येत राहतात. आपल्या गड्ड्यात हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

माईकवाल्याबद्दल अजून एक. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि तेलुगू, चारी भाषांत बोलावतो, आणि समोर कोण आलंय ते बघून भाषा बदलतो. शहराच्या पूर्व भागातली एक मोठी तेलुगू फॅमिली आली तर त्यातल्या आजीबाईंना तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, तिकीट काढलंच त्यांनी.

आता साडेतीनच का ते सांगते.

जबड्यापर्यंतची रांग फुल रंगलेली, पण तिकीट दाखवून आत वळलं की पाईपांच्या मधनं एक लांब पट्टा आहे, एका बाजूला हिरवी नेट, दुसऱ्या बाजूला ताडपत्री, पलीकडं जनरेटर. इथं काहीच नाही. सांगाडा दिसत नाही, बाहेर पडणारे दिसत नाहीत, माईकवरचं जनरेटरच्या आवाजात कळत नाही, आणि नेमकं इथंच सगळ्यात जास्त थांबावं लागतं कारण आत वीस-वीसच्या बॅचनं सोडतात. लोकांनी मोबाईल काढले, कोणाला तरी घरनं फोन आला, भाचा पॉपकॉर्न मागायला लागला. बाहेर एवढ्या मेहनतीनं भरलेली भीती त्या ताडपत्रीपाशी सगळी उतरते. नाटकात तिसरी घंटा झाल्यावर जर दहा मिनिटं पडदा उघडला नाही तर प्रेक्षकाचं जे होतं तेच.

रांगांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीच मांडून ठेवलंय की हाताला, डोळ्याला काही काम नसलं की तोच वेळ लांब वाटतो, आणि का थांबवलंय ते सांगितलं नाही की अजून लांब वाटतो. आपल्याला हे वेगळं शिकायचीही गरज नाही, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते, माणसं तासन् तास उभी असतात, पण बारीत अभंग चालू असतो, पुढचा मागच्याला गाव विचारतो, कोणी लाडू वाटतो, आणि माझी आई तर म्हणते की दर्शन क्षणाचं, बारीत जे मिळतं ते वर्षभर पुरतं. वाट बघण्याला त्या लोकांनी भक्तीचाच भाग करून टाकलंय. करमणुकीच्या धंद्यात एवढं होणार नाही हे मला कळतं, पण थांबलेल्या माणसाला रिकामं सोडायचं नाही एवढं तर जमू शकतं.

त्या पट्ट्यानंतर दाराशी एक छोटी खोली येते, आठ बाय आठची असेल. इथं एक पोरगा बॅच थांबवतो आणि सांगतो, मोबाईल खिशात ठेवा, चपला सांभाळा, भुताला हात लावायचा नाही, लहान पोरांना मधी घ्या. सूचना चांगल्या, आवश्यक, सांगतोही प्रेमानं, बारक्या पोरांची नावं विचारतो. पण खोलीत पांढरी ट्यूबलाईट! भिंती कोऱ्या, कोपऱ्यात पाण्याचा जार आणि त्यांचे जेवणाचे डबे. मला एवढं वाईट वाटलं ना, कारण अशाच खोलीत जगातल्या सगळ्यात गाजलेल्या भूत बंगल्यानं सगळी कमाल केलीय.

कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड आहे, तिथला हॉन्टेड मॅन्शन. त्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ ला उभं राहिलं आणि राइड उघडली १९६९ ला, मधली वर्षं लोक येता-जाता तो बंद बंगला बघत होते आणि बाहेर पाटी होती की भुतांसाठी जागा उपलब्ध आहे, अशा अर्थाची. आत गेलं की आधी एक आठकोनी खोली, मागं दार बंद होतं, भिंतीवर चार चित्रं, आणि बोलता बोलता खोली उंच व्हायला लागते. चित्रं खाली उलगडत जातात. वर एक प्रतिष्ठित गृहस्थ दिसत असतो, चित्र उलगडलं की कळतं त्याला पँट नाही आणि तो डायनामाइटच्या पिंपावर उभा आहे. छत्री घेतलेली गोड मुलगी, खाली बघाल तर ती तुटत आलेल्या दोरीवर चालतेय आणि खाली मगर आ वासून. मग अंधार होतो, वरनं वीज चमकते आणि लोक ओरडतात. राइड अजून सुरूही झालेली नसते!

आणि यातलं खरं गुपित म्हणजे ती खोली लिफ्ट आहे. राइडची मोठी इमारत पार्कच्या रेल्वेरुळाच्या पलीकडं आहे, लोकांना रुळाखालनं तिकडं न्यायचं तर आधी खाली उतरवायला पाहिजे, म्हणून ती लिफ्ट, आणि लिफ्ट लिफ्टसारखी दिसू नये म्हणून हा सगळा घाट. डिस्नेनंच फ्लोरिडात १९७१ ला असाच बंगला केला तिथं खाली न्यायची गरजच नव्हती, पण लोकांना ती खोली इतकी आवडलेली की तिथंही ठेवली, फक्त तिथं जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. बॅच अडवून ठेवायची, मोजून सोडायची, सूचना द्यायच्या, ही तिन्ही कामं आपला गड्ड्यातला पोरगाही करतोय, त्याच्याकडं फक्त ट्यूबलाईट आहे.

पैसा लागतो असं म्हणाल, तर सगळीकडं नाही लागत. त्याच डिस्नेलँडमधे १९९५ ला सिनेमातल्या इंडियाना जोन्सची राइड आली, तिचीही इमारत पार्कच्या हद्दीबाहेर असल्यानं चालायचा रस्ता लांबलचक, तर तो सगळा रस्ता त्यांनी पडकं मंदिर करून टाकला. त्यात एका ठिकाणी विहीर आहे, विहिरीत दोर सोडलाय आणि पाटी लावलीय की दोर ओढू नका. अर्थातच लोक ओढतात आणि खालनं आवाज येतात. दुसरीकडं छताला टेकू दिल्यासारखा बांबू आहे, तो हलवला की वरचे सुळे खाली येतायत असा करकर आवाज होतो. दोर, पाटी, बटण, स्पीकर. हे तर जुना बाजारात मिळतं.

आणि पोरांसाठी सगळ्यात शहाणपणाची रांग मला फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कमधल्या डंबोची (उडत्या हत्तींचा पाळणा) वाटते, २०१२ ला त्यांनी ती बदलली. उन्हात उभं करायच्या ऐवजी तंबूत खेळायला जागा केली, आईबापाच्या हातात एक पेजर द्यायचा, पोरं घसरगुंडीवर, नंबर आला की पेजर थरथरायचा. आपल्या शहरात मी एका गेम झोनमधे (नाव लिहीत नाही) पोरांना घेऊन गेले होते, हातात प्लॅस्टिकचं टोकन, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, नंबर कधी येईल ते कोणी सांगेना, आत गेम चांगला होता पण पोरं आत जाईपर्यंत रडून दमलेली. तेव्हापासून मी कुठल्याही ठिकाणी आधी रांग बघते मग तिकीट काढते.

आतलं आता लिहितेच. अंधारा बोळ, पायाखाली गादीसारखं मऊ काहीतरी, बाजूनं केस अंगावर येतात, एक विहिरीसारखी जागा, एक हलणारी फळी, आणि मुखवटे घातलेली माणसं. शेवटून दुसऱ्या वळणावर जो पांढऱ्या साडीतला कलाकार आहे तो उत्तम, तो ओरडत नाही, नुसता तुमच्याबरोबर चालायला लागतो. बाकीचे सगळे ओरडतात. लहान पोरगं खरंच घाबरलंय असं दिसलं की ते मुखवटा वर करून हसतात आणि पुढची वाट दाखवतात, हे मी स्वतः बघितलं आणि त्यासाठी अर्धा स्टार जास्त. वेळ साधारण चार-पाच मिनिटं. तिकीट ५० रुपये, वाजवी आहे.

बाहेर आल्यावर मालकांशी बोलले, सांगाड्याच्या दोरीचं विचारलं तर एकदम खूश झाले, म्हणाले ताई आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मग मी ताडपत्रीच्या पट्ट्याचं सांगितलं. तिथं जुन्या फोटोफ्रेम टांगा, एक बंद पेटी ठेवा, तिच्यावर 'उघडू नका' लिहा आणि झाकणाला आतनं एक घंटी बांधा. आणि त्या खोलीतली ट्यूबलाईट काढून एक लालटेण लावा, डबे पडद्यामागं, आणि पोऱ्याला त्याच सूचना बंगल्याच्या जुन्या रखवालदारासारख्या द्यायला सांगा, चपला सांभाळा हे वाक्य तसं म्हटलं की काय काटा येईल बघा. त्यांनी पेटीचं लगेच उचललं, जनरेटरच्या बाजूला तारा आहेत म्हणून फ्रेमचं नंतर बघू म्हणाले, ते बरोबरच आहे. रखवालदाराचा कोट आमच्या नाटकाच्या सामानात आहे, तो मी नेऊन देणार आहे.

जाणार असाल तर शोभेच्या दारूकामाच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत तो सांगाडा नीट बघायलाच मिळत नाही. मधल्या वारी, दिवे लागल्यावर लगेच जा. रांगेत उजव्या हाताला उभं राहा, तिथनं बाहेर पडायचं दार सरळ समोर दिसतं. पाच वर्षांखालच्या पोरांना आत नेऊ नका, बाहेरच उभं करून सांगाडा उठताना दाखवा, त्याला तिकीट लागत नाही आणि बारकी पोरं तिथनं हलत नाहीत.