रिलिजस स्टडीज की फिलॉसॉफी? ए-लेव्हलचा विषय निवडताना

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी ए-लेव्हलचे (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा) तीन विषय ठरवायची वेळ येते, तेव्हा वाद घालण्याची खुमखुमी असलेली मुलं या दोन विषयांपाशी घुटमळतात. पहिला गोंधळ माहितीपत्रकातच होतो. कित्येक शाळा ‘फिलॉसॉफी अँड एथिक्स’ किंवा ‘रिलिजन, फिलॉसॉफी अँड एथिक्स’ असं नाव छापतात, पण शिकवतात तो रिलिजस स्टडीज, आणि प्रमाणपत्रावरही तेच येतं. म्हणून ओपन इव्हिनिंगला (शाळा पालकांना विषयांची माहिती देते ती संध्याकाळ) आधी परीक्षा मंडळ आणि कोड विचारून घ्या. ए-लेव्हल फिलॉसॉफी एकच मंडळ घेतं, एक्यूए (७१७२). रिलिजस स्टडीज अनेक मंडळांचा आहे. इथे तुलनेला ओसीआर या मंडळाचा (एच ५७३) घेतला आहे.

सर्वसाधारण समज असा की धर्माच्या विषयात पाठांतर आणि फिलॉसॉफीत खंडनमंडन. गुणांची वाटणी नेमकी उलट आहे. ओसीआरच्या रिलिजस स्टडीजमध्ये ४० टक्के गुण माहिती आणि आकलनाला, ६० टक्के मूल्यमापनाला, म्हणजे युक्तिवाद तपासून मत मांडण्याला. एक्यूएच्या फिलॉसॉफीत ६० टक्के आकलनाला, ४० टक्के मूल्यमापनाला. फिलॉसॉफी सोपी आहे असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्याचा युक्तिवाद एकेक पायरी न चुकता मांडणं हेच तिथे मोठं काम मानलं जातं. निवड करताना हा फरक विषयांच्या नावांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

लेखी परीक्षा दोन्हीकडे एकूण सहा तासांचीच, पण अनुभव अगदी वेगळा. रिलिजस स्टडीजचे दोन-दोन तासांचे तीन पेपर: धर्माचं तत्त्वज्ञान, धर्म आणि नीतिशास्त्र, आणि एका धर्मातल्या विचारांची वाटचाल. प्रत्येक पेपरात चारपैकी तीन निबंध, प्रत्येकी ४० गुण, हाताशी ४० मिनिटं. म्हणजे एकूण नऊ निबंध, दुसरं काही नाही. फिलॉसॉफीचे तीन तासांचे दोन पेपर. पहिल्यात ज्ञानमीमांसा आणि नीती, दुसऱ्यात ईश्वर आणि मन. चारही विभागांत ३, ५, ५, १२ आणि २५ गुणांचे प्रश्न. पर्याय शून्य. एखादा धडा सोडून दिला आणि नेमका त्यावरच १२ गुणांचा प्रश्न आला, तर पळवाट नाही. रिलिजस स्टडीजमध्ये चारपैकी एक प्रश्न सोडता येतो. मात्र त्या भरवशावर दोन-तीन धडे ऑप्शनला टाकणारेच जास्त अडकतात.

फिलॉसॉफीतला पाच गुणांचा प्रश्न जवळून पाहू. ज्ञान म्हणजे ‘सत्य, समर्थनीय श्रद्धा’ या व्याख्येला छेद देणारं, तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने १९६३ मध्ये दिलेलं उदाहरण समजावून सांगा, असा प्रश्न आहे असं धरा. उत्तर असं हवं: नोकरी जोन्सला मिळणार आणि त्याच्या खिशात दहा नाणी आहेत, यावर विश्वास ठेवायला स्मिथकडे सबळ कारण आहे. त्यावरून तो अनुमान काढतो की नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्याही खिशात, त्याला ठाऊक नसताना, दहाच नाणी असतात. श्रद्धा खरी ठरली, समर्थनही होतं, तरी हे ज्ञान म्हणवत नाही. म्हणून या तीन अटी पुरेशा नाहीत. संपलं. गेटियरचं चरित्र, प्लेटोचा इतिहास, ‘माझ्या मते’ यातलं काहीही नको. तीन आणि पाच गुणांच्या उत्तरांत फापटपसारा असेल तर पूर्ण गुण मिळत नाहीत. १२ गुणांच्या प्रश्नातही फक्त स्पष्टीकरण मागितलेलं असतं. हुशार मुलं तिथे हटकून टीका करायला लागतात, तिला एक गुणही मिळत नाही, आणि शेवटी २५ गुणांच्या निबंधाला वीसच मिनिटं उरतात. त्या निबंधाला पाऊण तास तरी राखून ठेवावा. मूल्यमापनाचे सगळे गुण तिथेच आहेत.

रिलिजस स्टडीजमध्ये घसरण दुसऱ्या बाजूने होते. ४० पैकी १६ गुण माहितीचे, २४ मूल्यमापनाचे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनच्या मांडणीने जगातल्या दुःखाचा प्रश्न सुटतो का, असं विचारलं की बरेच जण पहिली पंचवीस मिनिटं ऑगस्टिन काय म्हणाला ते लिहितात, मग ‘पण काही टीकाकार म्हणतात’ अशी दोन वाक्यं जोडतात. चांगल्या निबंधात पहिल्या परिच्छेदातच भूमिका दिसते आणि प्रत्येक मुद्द्याचं वजन तिथल्या तिथे केलेलं असतं. दुसरा खड्डा तयार निबंधाचा. घोकलेला निबंध उपयुक्ततावादावर (जास्तीत जास्त लोकांचं भलं करणारी कृती योग्य, हे मत) असतो आणि प्रश्न असतो व्यवसायातल्या निर्णयांत तो कितपत कामी येतो यावर.

अभ्यासक्रम बराच सामाईक आहे: ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद, दुष्टाव्याचा प्रश्न (ईश्वर असताना जगात दुःख आणि वाईट का), धार्मिक भाषा, कांटचं नीतिशास्त्र, उपयुक्ततावाद. रिलिजस स्टडीजमध्ये त्याखेरीज मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत अक्वायनसचा नैसर्गिक नियम, जोसेफ फ्लेचरची सिच्युएशन एथिक्स (प्रसंग पाहून, प्रेमाच्या कसोटीवर निर्णय), फ्रॉइड आणि सदसद्विवेक, व्यवसायातली आणि लैंगिक नीती येते. फिलॉसॉफीत इंद्रियानुभव (परसेप्शन), संशयवाद, देकार्तपासून फंक्शनॅलिझमपर्यंत (मन म्हणजे ते करतं ते काम, हे मत) मनाचे सिद्धान्त, ॲरिस्टॉटलची सद्गुणनीती. तिथले उपयोजित प्रश्न मोजकेच पण गमतीचे: चोरी, खोटं बोलणं, प्राणी खाणं आणि कॉम्प्युटर गेममध्ये किंवा नाटकात केलेली खोटी हत्या.

रिलिजस स्टडीजच्या तिसऱ्या पेपरात हिंदू धर्म निवडता येतो, हे कळल्यावर मराठी घरांत उत्साह संचारतो. पण धर्म शाळा ठरवते, मूल नाही, आणि बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती धर्मच शिकवला जातो. हिंदू धर्म मिळालाच, तरी घरच्या सणवारांची माहिती फारशी उपयोगी पडत नाही. तिथे आत्मा, ब्रह्म आणि दर्शनांमधले मतभेद तपासावे लागतात. मूल आस्तिक आहे की नास्तिक, याने दोन्ही विषयांत गुणांना काडीचाही फरक पडत नाही.

विद्यापीठांच्या दृष्टीने डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. दोन्ही पूर्ण ए-लेव्हल आहेत आणि यूकॅसचे (विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था) गुण सारखेच, ए-स्टारला ५६, ए-ला ४८. फिलॉसॉफीच्या पदवीला फिलॉसॉफीचं ए-लेव्हल लागत नाही. मेडिसिनकडे जाणाऱ्या मुलाला रिलिजस स्टडीजमधला इच्छामरणावरचा अभ्यास मुलाखतीत हाताशी येतो, पण केमिस्ट्रीची जागा तो घेत नाही.

गणित आवडणारं, नेमकं आणि थोडक्यात लिहिणारं मूल फिलॉसॉफीत रमतं. इतिहास आणि इंग्रजीचे निबंध ज्याला सहज जमतात, भूमिका घेऊन ती पानभर लढवायला आवडतं, त्याने रिलिजस स्टडीज घ्यावा. दोन्ही एकदम घेण्याचा मोह आमच्या मते आवरावा: तीनपैकी दोन विषयांत तेच कांट आणि तेच ईश्वराचे युक्तिवाद, आणि वर दोन वेगळ्या उत्तरपद्धती. तरीही ठरत नसेल तर दोन्ही मंडळांच्या संकेतस्थळांवरून जुन्या प्रश्नपत्रिका काढा. एका संध्याकाळी ४० गुणांचा निबंध, दुसऱ्या दिवशी फिलॉसॉफीचा एक अख्खा विभाग घड्याळ लावून लिहायला लावा, आणि दोन्ही उत्तरं मंडळाच्या गुणदान-निकषांशी ताडून पाहा.