मावा खाणाऱ्या अळ्या म्हणून वांग्यावरची कीड विकली

‘लेडीबर्डच्या जिवंत अळ्या, घरपोच’ अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. नुसते पैसे गेले असते तर मी एवढं लिहायला बसले नसते. विकणाऱ्या माणसाने खोक्यात भरून जी कीड गोव्यात डिचोलीला आमच्या घरी पाठवली, ती आमच्या परसातून शेजारच्या मळ्यात गेली. तो मळा ज्या काकींचा आहे, त्यांचं घर त्या भाजीवर चालतं. बुधवारच्या बाजारात त्या वांगी घेऊन बसतात.

भात कापून झालं की आमच्याकडे अळसांदे (चवळी), मुळा, तांबडी भाजी, वांगी लावतात. अळसांद्याला शेंगा धरायला लागल्या की शेंड्यांवर काळा मावा (बारीक मऊ किडे) चढतो. तो रस शोषतो, शेंडे आक्रसतात, त्याच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट पाण्यावर काळी बुरशी धरते. घरातली पोरं कोवळ्या शेंगा तोडून तशाच खातात, म्हणून परसात विषारी फवारा मारायचा नाही हे आमच्यात पक्कं ठरलेलं. अशात परसबागेच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या विक्रेत्याचा मेसेज आला.

मेसेजमधली बरीचशी माहिती खरी होती, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. लेडीबर्ड म्हणजे आपला ढालकिडा. तो मावा खातो आणि त्याची अळीसुद्धा मावाच खाते. वाढ पूर्ण होईपर्यंत एकेक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. फोटोही खऱ्या अळीचे होते, फक्त कुठून तरी उचललेले. कॅलिफोर्नियाची गोष्टही त्याने लिहिली होती: १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी तिथल्या संत्र्यांच्या बागा वाचवल्या. तेही खरं आहे. पण ते किडे एका ठरावीक खवले किडीवर जगणारे होते, माव्याशी त्यांचा संबंध नव्हता. ढालकिड्यांच्या जाती अनेक आणि प्रत्येकीचं खाणं निराळं. भारतात मित्रकीटक, म्हणजे पिकावरची कीड खाणारा किडा, म्हणून ‘क्रिप्टोलेमस’ नावाचा ढालकिडा बऱ्याच वर्षांपासून विकतात, पण त्याचं मुख्य खाणं पिठ्या ढेकूण. हा फरक विकणाऱ्याने एका शब्दानेही सांगितला नाही. जातीचं नाव विचारलं तर म्हणाला, “इम्पोर्टेड आहे ताई, सगळंच खाते.”

शंभर अळ्यांचे अठराशे रुपये, सगळे आगाऊ. ते मिळाल्यावर ‘जिवंत माल’ म्हणून कुरियरचे वेगळे. सोबत एका सरकारी संस्थेच्या नावाचं, गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र पाठवलं होतं. त्यावर ना क्रमांक, ना तारीख.

पार्सल आलं ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. आत पिवळट, जाडसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेल्या अळ्या, आणि खाली वांग्याच्या पानांचे सुकलेले तुकडे. फोटोतल्यासारख्या का दिसत नाहीत, असं लगेच विचारलं. उत्तर आलं, ही पिवळी जात जास्त जोमाची, आधी दोन दिवस वांग्यावर सोडा, तिथे रुळल्या की आपणहून अळसांद्यावर जातील. त्या कुठेच गेल्या नाहीत. वांग्याच्या पानांखाली बसून हिरवा भाग खरवडत राहिल्या आणि पानांच्या नुसत्या शिरांची जाळी उरली. अळसांद्यावरचा मावा होता तसाच.

एक पान पिशवीत घालून मी विभागीय कृषी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने भिंगही घेतलं नाही. म्हणाला, “बाये, हे मावो खायनात. हे वांयग्यांचो पालो खातात.” ती एपिलॅक्ना होती, हड्डा भुंगा म्हणतात तो. ढालकिड्यांच्याच कुळातला, पण पाला खाणारा. वांगी आणि बटाट्यावरची ही ओळखीची कीड, कारल्यावरही येते. कुणाच्या तरी वांग्यावरून फुकट वेचायची आणि शहरातल्या, गच्चीत बाग करणाऱ्या माणसाला अठराशेला विकायची, असा हा धंदा. फोंड्याच्या एका ओळखीच्या बाईंना दुसऱ्याच विक्रेत्याने नुसता गव्हाचा कोंडा पाठवला, आत बारीक अळ्या आहेत असं सांगून. कोंड्यात किंवा भुश्यात मित्रकीटक पाठवण्याची पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस वाट बघत राहिल्या.

म्हणून खरी अळी ओळखायला शिका. माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याची अळी लांबट, काळपट करडी, पाठीवर नारिंगी किंवा पांढुरके डाग, सहा लांब पाय. ती एका जागी बसत नाही, शेंड्यावरून देठावर सारखी धावत असते. हड्ड्याची अळी पिवळी आणि काटेरी, पानाखाली ठिय्या देऊन बसलेली. मोठ्या किड्यांतही फरक दिसतो. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत, त्यावर नागमोडी काळ्या रेघा. हड्ड्याची पाठ तांबूस, बारीक लव असलेली, म्हणून निस्तेज, आणि तिच्यावर पुष्कळ काळे ठिपके, एका जातीत तर अठ्ठावीस. दुसरं असं की खऱ्या अळ्या उपाशी ठेवल्या तर एकमेकींना खातात. शंभर अळ्या एका डब्यात, सोबत खायला मावा नाही की पतंगाची अंडी नाहीत, लपायला आडोसा नाही, आणि तरी सगळ्या धडधाकट पोचल्या, तर त्या मांसाहारी नाहीतच असं समजा.

पैसे परत मागितल्यावर जे झालं ते मला जास्त लागलं. त्याने ‘रिफंड’साठी घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर मागितला आणि थेट माझ्या सासऱ्यांना फोन केला. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन घाला म्हणजे पैसे जमा होतील म्हणाला, आणि त्यांच्या खात्यातून आणखी पाच हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच घालावा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच शेजारी बसून सांगा. पुतण्याने तातडीने सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार घातली. फोन जितका लवकर जाईल तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून आलेले नाहीत. मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, वेगळी केली. गप्पांचे स्क्रीनशॉट, पावती, डबा उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

अळसांद्याचं म्हणाल तर जाऊबाईंनी रोज सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुतले. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून त्यांची वाट तोडली. बांधावरची शेपू आणि कोथिंबीर मुद्दाम फुलू दिली, कारण मोठे ढालकिडे परागही खातात. थोडा मावा राहू दिला. त्यावर ढालकिडे आपले आपण आले, आणि त्यांचे पैसे कुणाला द्यावे लागले नाहीत.

असं पार्सल तुमच्याकडे आलंच असेल तर अळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून मारा. खतखड्ड्यात किंवा कुंपणापलीकडे टाकू नका. वांग्याची पानं उलटून अंडी शोधा. ढालकिडा आणि हड्डा, दोघांचीही अंडी पिवळी, उभी आणि पुंजक्याने असतात, त्यामुळे आजूबाजूला मावा आहे का ते आधी बघा. माव्याजवळची अंडी राहू द्या. मावा नसलेल्या वांग्यावरची पानासकट काढा. पक्कं करायचं असेल तर नमुना बाटलीत घालून कृषी कार्यालयात किंवा जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. काकींच्या मळ्यात आम्ही घरची सगळी मिळून अजून पानं उलटतो आहोत.