जंताच्या पेस्टचे ७,६५० रुपये गेले, जंत आहेत तिथेच

इंदूर-महू भागात घोडी पाळणाऱ्यांनी हे वाचाच. ज्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवरून नकली पेस्ट विकली, त्याच माणसाचा मेसेज परवा आमच्या शेजारच्या पागेतही आला.

पावसाळा संपल्यावर थोरल्या घोडीची लीद तपासली, ग्रॅममागे जंतांची १,१५० अंडी निघाली. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. तीन दुकानं पालथी घातली, गाई-म्हशींचं औषध होतं, घोड्याची पेस्ट कुठेच नाही. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण स्वच्छ मराठीत बोलतो, जंतांची नावं घडाघडा सांगतो. इंदुरात कोणी आपल्या भाषेत बोललं की आपण निर्धास्त होतो. मीही झालो, आणि माझ्या जागी कोणीही झाला असता. आयव्हरमेक्टिन ह्या जंतनाशकाच्या पेस्टची ‘इंपोर्टेड’ पिचकारी २,४५० ला, तीनवर एक फुकट, कुरिअरचे ३००. यूपीआयने सगळे आगाऊ. बिल मागितलं तर ‘दादा, पार्सलमध्ये आहे’. नव्हतं.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी विचारलं, घोडी साडेतीनशे किलोची आहे, किती देऊ? म्हणाला, ‘वजनाचं काही नाही दादा, आख्खी पिचकारी दाबा, शिंगरालाही तीच.’ अरे, १.८७ टक्क्याची ६.०८ ग्रॅमची पिचकारी ५६७ किलोच्या घोड्याची असते! किलोमागे ०.२ मिलिग्रॅम मला पाठ आहे. दांड्यावरची कडी वजनाच्या खुणेवर फिरवून अडकवायची, हे मी पंधरा वर्षं करतोय. ह्या पिचकारीला खुणाही नव्हत्या, कडीही नव्हती. मोतद्दार घोडीचं तोंड धरून उभा, माझ्या हातात ती पिचकारी, आणि मी मनाची समजूत घातली की नवी पद्धत असेल. त्या अर्ध्या मिनिटाचा राग अजून जात नाही. जिभेच्या मुळाशी दिलं तरी पांढरं पाणचट ओठांतून गळलं. वास खडूचा. पाच महिन्यांच्या शिंगराला दिलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. आत मॉक्सिडेक्टिन हे दुसरं जंतनाशक असतं तर? ते इतक्या लहान शिंगराला जिवावर बेतू शकतं.

चौदा दिवसांनी पुन्हा लीद तपासली: १,१००. बॅच नंबरचा स्टिकर नखाने उचलला, खाली दुसराच नंबर. उत्पादन परवान्याचा क्रमांक तर कुठेच नाही. हे दोन्ही नंबर पैसे देण्याआधी फोटोत मागा.

पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, औषधाचं आहे, औषध खात्याकडे जा. तिथे म्हणाले, जनावरांचं आम्ही बघत नाही. जनावरांच्या कचेरीत साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेलो, तरी दौऱ्यावरच. पुन्हा ठाण्यात, तर ‘साडेसात हजारांसाठी किती फिरता?’ साडेसात नव्हे, ७,६५०! आणि प्रश्न पैशाचा नाही, उद्या एखादं शिंगरू दगावलं तर ह्याच टेबलांवरून मला पुन्हा फिरवणार का? पाच फेऱ्या झाल्या, अर्जावर साधा शिक्का मिळाला नाही.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन लावा. मी पंधरा दिवस घालवले, तोवर त्याचं खातं रिकामं. वजनकाटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०, की वजन किलोत येतं. सांडलेली पेस्ट कुत्र्याला चाटू देऊ नका. आणि पिचकारी फेकू नका. माझ्या उरलेल्या तीन तशाच पिशवीत आहेत, तपासायला कुठे द्यायच्या ते अजून कोणी सांगितलेलं नाही.