अंत्यविधीचे साहित्य मिळेल : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक दुकान

दुकानाला नाव नाही. पत्र्यावर लाल रंगात 'अंत्यविधीचे साहित्य मिळेल', एवढंच. वडील पहाटे घरीच वारले. मी शटर वाजवलं तेव्हा साडेपाच वाजले होते.

दुकानवाल्या काकांनी आधी विचारलं, "दहन का माती?" सोलापुरात हे विचारावंच लागतं. लिंगायतांत पुरतात, त्यांचं विभूती-बेलपत्राचं सामान वेगळं. मग, "डॉक्टरचा दाखला घेतलात का?" स्मशानात तो लागतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"मडकं कोण धरणार?"

म्हटलं, मीच. आम्ही दोघी बहिणीच. त्यांनी लगेच रिकामं मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं. "एका फेरीला एक भोक. दगड मागचा माणूस मारतो, तुम्ही दचकू नका. तिसरी झाली की मागं सोडून द्यायचं ताई, वळून बघायचं नाही. तो दगड मात्र जपा, दहाव्याला लागतो."

मी नऊ वर्षांची असताना आजी गेली. मला शेजारी पोहे खायला पाठवलं. परत आले तर खाट रिकामी, आणि "आजी गावाला गेली." त्यानंतर घरात नाही, शाळेत नाही, कुणीच मरणाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. मुलीच्या जातीला तर स्मशानाचं फाटकही दाखवत नाहीत. याचा मला अजून राग आहे.

सामान चांगलं. बांबू सरळ, कापड जाड, गोवऱ्या कोरड्या. कापूर तेवढा कमी पडला, जास्तीचा मागून घ्या. सगळे मिळून अडीच हजार झाले. तिरडी घरी येऊन बांधून देतात. अकरा वर्षांचा भाचा दारात उभा होता, नातेवाईक त्याला आत न्यायला लागले. काकांनी त्याच्या हातात सुतळीचं टोक दिलं. "घट्ट धर बाळा, आजोबा हलायला नकोत." शेवटची गाठ बसेपर्यंत पोरानं ते सोडलं नाही. बोटांवर वळ उठले होते. रात्री तो पहिल्यांदा रडला, माझ्या कुशीत.

निघताना काकांनी वहीचा कागद फाडून दिला: तिसरा, दहावा, तेरावा. खाली, "मृत्यूची नोंद 21 दिवसांत. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदम काढा, बँकेला, पेन्शनला लागतात." तो कागद पुढं मावशीच्या घरीही उपयोगी पडला.

काका दुकानामागेच राहतात. रात्री कधीही शटर वाजवा, उठतात.