आप्पांच्या पेसमेकरचा घरचा मॉनिटर : नऊ महिने वापरल्यावर

आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७४. नीलमनगरात घरामागच्या शेडमध्ये आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये चालू मागाशेजारी उभे असताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते खाली बसले. तसे महिनाभर ते जिना चढताना मध्येच थांबायचे, पण विचारलं की 'उकडतंय' म्हणायचे, आणि सोलापुरात उकडतंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? दवाखान्यात नाडी ३४ निघाली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात आणि त्यावर कायमची गोळी नाही. दोन लीडचा, म्हणजे दोन तारांचा, पेसमेकर बसवला. डाव्या कॉलर बोनखाली कातडीच्या आत डबी, तिथून शिरेतून दोन लीड हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यात. जागा बधिर करून सगळं झालं, तिसऱ्या दिवशी घरी.

घरचा मॉनिटर आठवड्यानं आला. दिसायला जुन्या वायफायच्या डब्यासारखा. पलंगाजवळ ठेवायचा, प्लग लावायचा. रात्री ठरावीक वेळी तो पेसमेकरशी बिनतारी बोलतो, पेसमेकरनं साठवलेली माहिती काढून घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून पुढं पाठवतो. ती वेबसाइटवर डॉक्टरांच्या खात्यात जाते. आपल्याला काहीच दिसत नाही, फक्त एक दिवा.

पुस्तिकेत लिहिलंय की लावायला पंधरा मिनिटं लागतात. आम्हाला दोन दिवस लागले. आप्पांची खोली शेडला लागून, वर पत्रे, त्यामुळं तिथं मोबाइलचं नेटवर्क कायम एका काडीवर. शिवाय पलंग आणि पेटीच्या (मॉनिटरला आम्ही पेटीच म्हणतो) मध्ये लोखंडी कपाट. हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एका मुलीनं हिंदीत सांगितलं, पेटी दोन मीटरच्या आत ठेवा, मध्ये धातूचं काही नको आणि खिडकीजवळ असेल तर बरं. मग कपाट सरकवलं, पलंग खिडकीशी आणला, अव्वांची, म्हणजे सासूबाईंची, देवाची फळी दुसऱ्या भिंतीवर गेली. अव्वांनी त्यावर दोन दिवस तोंड फुगवलं होतं, हेही सेटअपमध्येच धरा. शेवटी बटण दाबून पहिला रिपोर्ट हातानं पाठवला. आप्पा श्वास रोखून ताठ बसले होते, जणू फोटो काढतायत.

हिरवा दिवा लागला आणि घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इथंच आम्ही चुकलो. आम्हाला वाटलं, आता कुणीतरी बघतंय.

नोव्हेंबरात शेजारच्या मावशींनी करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर आणून दिलं, 'असू दे घरात' म्हणून. रात्री साडेबाराला आप्पांना झोप येईना, सहज बोटाला लावलं तर नाडी ४२. डॉक्टरांनी तर सांगितलेलं की पेसमेकर ६०वर लावलाय, त्याखाली जाऊच देणार नाही. मी धावत जाऊन पेटीचं बटण दाबलं. रिपोर्ट गेला, हिरवी खूण आली. आणि आम्ही तिघं फोनकडं बघत बसलो, आता कुणीतरी फोन करेल म्हणून. एक तास. फोन आला नाही. शेवटी रिक्षा काढून कॅज्युअल्टीत गेलो.

ईसीजी काढला तर पेसमेकर अगदी व्यवस्थित. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं : आप्पांना अधूनमधून एक जादा ठोका वेळेआधीच पडतो. हृदय रक्तानं भरायच्या आधीच पडल्यानं त्याचा दाब बोटापर्यंत पोचत नाही. छातीत ठोका झाला, पण बोटाला कळलाच नाही. ऑक्सिमीटर पोचलेल्यांचीच हजेरी घेतं. बोटाला नाडी कमी दिसते म्हणजे दर वेळी पेसमेकर बंद पडला असं नसतं.

सकाळी साडेदहाला आमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमधून फोन आला : रिपोर्ट बघितला, सगळं ठीक आहे. मी जरा रागानंच विचारलं, रात्री का नाही केलात? पलीकडची सिस्टर शांतपणे म्हणाली, "ताई, रात्री इथं कोणी नसतं. चक्कर आली, छातीत दुखलं, बेशुद्ध पडले, तर पेटीकडं बघायचंच नाही, सरळ हॉस्पिटल." पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर बारीक अक्षरात हेच छापलंय. दिवा हिरवा म्हणजे टपाल गेलं, एवढंच. आप्पा कसे आहेत ते दिवा सांगत नाही. पेटी घरी देताना कुणीतरी हे एक वाक्य मराठीत सांगायला हवं होतं. कंपनीवर माझा खरा राग यावरच आहे. बाकी पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत, हेल्पलाइनला रविवार, वगैरे किरकोळ.

मग उपयोग काय, असं मलाही त्या महिन्यात वाटलं. उत्तर जानेवारीत मिळालं.

आप्पा दरवर्षी सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालतात. यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली, मात्र नंदीध्वजाच्या काठीला हात लावायचा नाही, गर्दीत छातीवर धक्का नको. १३ जानेवारीला ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला जमेल तेवढं चालून आले, 'पाय दुखतायत' म्हणाले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा टीव्हीवर बघितला. १६ला दुपारी क्लिनिकमधून फोन : आप्पांना उद्या घेऊन या. १३च्या संध्याकाळपासून जवळजवळ २६ तास हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत होते, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. वरच्या कप्प्यात लीड असल्यामुळं पेसमेकरनं ते टिपलं, वेळेसकट.

आप्पांना काहीच कळलं नव्हतं, ना धडधड ना दम. १७ला ईसीजी काढला तर एकदम साफ. म्हणजे आम्ही तीन महिन्यांनी नेहमीसारखं तपासणीला गेलो असतो आणि नुसता ईसीजी काढला असता, तर कोणाला पत्ता लागला नसता. डॉक्टरांनी सांगितलं, थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. वय, बीपी आणि साखर धरून त्यांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. तेव्हापासून शेडमध्ये कातर लागली की रक्त थांबायला वेळ लागतो म्हणून आप्पा कुरकुर करतात. करू देत. यात्रेत चालल्यामुळं झालं का, हे त्यांनी तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं म्हणता येत नाही, पुढच्या वर्षीही चाला.

त्या एका फोनसाठी मी पेटीचे सगळे गुन्हे माफ केले. तरी लक्षात घ्या, १३ला सुरू झालेलं आम्हाला १६ला कळलं.

आता सोलापूरच्या घरातल्या अडचणी, ज्या पुस्तिकेत सापडणार नाहीत. चार-पाच दिवसांनी एकदा सकाळी दिवा नारिंगी दिसायचा. लाइट गेल्यामुळं म्हणावं तर लाइट त्या रात्री असायची. महिनाभरानं उलगडा झाला : ते दिवस पाण्याचे होते. नळाला पाणी रात्री दोनला येतं, आप्पा उठून हौदाशी जातात, मोटार लावतात, तास-दीड तास तिथंच. पेटीची बोलायची वेळ नेमकी तीच. चुकलेला रिपोर्ट ती पुढच्या रात्री घेते, कारण माहिती पेसमेकरमध्ये साठलेलीच असते. त्यामुळं बिघडत काही नाही. पाण्याच्या मोटारीवर वाकणं मात्र आता माझ्या मुलाकडं दिलंय.

मोठा घोटाळा मार्चमध्ये. उन्हाळा लागला की आप्पा गच्चीवर झोपतात, गेली पन्नास वर्षं. पेटी खाली खिडकीशी, आप्पा वर चांदण्यात. दोन आठवड्यांनी क्लिनिकचा फोन : तुमचा मॉनिटर बंद आहे का? खाली झोपा म्हणणं शक्य नव्हतं, ४२-४३ अंश तापलेल्या पत्र्याशेजारच्या खोलीत मीही झोपणार नाही. आता रात्री दहाला नातू पेटी वर नेतो, एक्स्टेंशन बोर्डला लावतो आणि सकाळी ऊन यायच्या आत खाली आणतो. "काय बे, आमच्या जिवाची पेटी आणली का?" असं आप्पा रोज विचारतात. गच्चीवर नेटवर्कच्या चार काड्या येतात, त्यामुळं उन्हाळ्यात रिपोर्ट उलट लवकर जातो.

मागांची सगळ्यात जास्त भीती होती. घर चालतं त्यावर, आणि आठ मोटारी म्हणजे आठ चुंबकं, असं आप्पांच्या डोक्यात बसलेलं. शेडमध्ये फिरायला, सूत बघायला हरकत नाही. चालू मोटारीवर छाती टेकून वाकायचं नाही, हातभर लांब राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेल्डिंगवाला आला की मात्र आप्पा घरात. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं म्हणून अव्वांनी ती माहेरी देऊन टाकली. मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब हवा आणि आप्पांचा मोबाइल जन्मापासून डाव्या खिशात. हात उजवीकडं जाईना. शेवटी गल्लीतल्या शिंप्यानं सहा सदऱ्यांचे डावे खिसे उसवून उजवीकडं लावून दिले. नऊ महिन्यांत केलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल हाच.

सुरुवातीला आप्पा घाबरून डावा हात हलवतच नव्हते. हात खांद्याच्या वर न्यायला काही आठवडे बंदी असते, पण म्हणून गळ्यात बांधून ठेवायचा नसतो, खांदा आखडतो. तेव्हा मी त्यांना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर त्यांचाच. तो काही तासच चालला. आयुष्यभरात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले आणि २००१ साली ८६ व्या वर्षी गेले. आप्पा म्हणाले, "सव्वीस? म्हणजे आमच्या पहिल्या मागासारखंच." दुसऱ्या दिवशी हात हलवायला लागले. मार्चच्या रिपोर्टात बॅटरी दहा वर्षांच्या वर शिल्लक दिसली.

कुणाच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच विचारून घ्या, कारण प्रत्येक पेसमेकरला ही सोय नसते आणि नंतर पेटी वेगळी आणून जोडता येईलच असं नाही. मॉडेल एमआरआयला चालणारं आहे का तेही विचारा. आणि सगळ्यात आधी हे विचारा : रिपोर्ट कोण उघडतं, आठवड्यातून किती दिवस, आणि त्या माणसाचा नंबर काय. आमच्या डॉक्टरांकडं एक सिस्टर रोज सकाळी बघते, म्हणून आमची पेटी कामाची ठरली. ओळखीच्या एका घरी अशीच पेटी वर्षभर हिरवी आहे आणि रिपोर्ट कुणी उघडतच नाही.

पेसमेकरचं कार्ड आप्पांच्या पाकिटात असतं, झेरॉक्स माझ्या पर्समध्ये. देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून न रेंगाळता सरळ जायचं, हातातलं यंत्र छातीवर फिरवायला लागले तर कार्ड दाखवायचं. ऑक्सिमीटर मी मावशींना परत दिलं.